मोटर उचलत नाही : नव्या निदेशकांसाठी मार्गदर्शिका

नुकतंच ‘प्रशिक्षकांचे प्रशिक्षण’ घेऊन परतलेल्यांसाठी ही मार्गदर्शिका आहे. तुमच्या पिशवीत फोल्डर आहे, फोल्डरमध्ये न चालणारं पेन आहे आणि डोक्यात एक आकृती आहे. मधोमध ‘समस्या’, तिच्या भोवती चार टप्पे. आकृती अमेरिकेतल्या युटा स्टेट युनिव्हर्सिटीच्या डेव्हिड मेरिल यांची. अध्यापनाचे नाना सिद्धान्त चाळून, सगळ्यांना मान्य होतील अशी तत्त्वं त्यांनी २००२ साली वेगळी काढली. पाच निघाली. माणूस खऱ्या कामातली अडचण सोडवताना शिकतो. आधीचं ठाऊक असलेलं जागं केलं की शिकतो. करून दाखवलं की शिकतो. स्वतः केलं की शिकतो. आणि शिकलेलं रोजच्या व्यवहारात वापरलं की ते टिकतं. डोंगरकड्याच्या कोणत्याही गॅरेजवाल्याला हे ऐकवलं तर तो म्हणेल, ‘मंग? दुसरं कसं शिकतेत?’ हा प्रश्न त्यानं तुमच्या प्रशिक्षणात विचारला असता तर चहाची सुट्टी लवकर झाली असती.

आता असं धरू, की तुम्हाला डोंगरकड्यात कृषिपंप दुरुस्तीचा अल्पमुदतीचा वर्ग चालवायचा आहे. गाव कळमनुरी तालुक्यातलं, नांदेड-हिंगोली रस्त्यावरचं. शिवारात केळी, हळद आणि ऊस. तिन्ही पिकं पाणी मागणारी. पाण्याला मोटर लागते, मोटरला लाईन लागते, आणि लाईनचं वेळापत्रक महावितरणकडे असतं. तेव्हा समस्येची टंचाई पडेल ही काळजी सोडा.

साहित्य

एक जळालेली मोटर. गावात कुणालाही मागा, मिळेल. एक चालू मोटर. ही मात्र शोधावी लागेल, आणि मालक ती तुमच्या मुलांच्या हातात देणार नाही. एक थ्री फेज स्टार्टर, शक्यतो झाकण हरवलेला. झाकण असलेला स्टार्टर दाखवलात तर मुलांना तो ओळखू यायचा नाही. मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर, मेगर. शिवाय एक टेस्टर, कारण या वर्गातला खलनायक तोच आहे. त्याच्याकडे पुढे येऊ. उद्घाटनाचा बॅनर, शाल आणि श्रीफळ ऐच्छिक. मात्र ते आणलेत तर समस्येच्या आधी प्रमुख पाहुणे येतील, आणि तो दिवस गेला म्हणून समजा.

समस्या निवडणे

नवशिका निदेशक इथे पहिली चूक करतो. तो ‘कृषिपंपाची देखभाल : संकल्पना व महत्त्व’ असा मथळा लिहितो आणि त्याला समस्या म्हणतो. थोडा अनुभवी निदेशक ‘सिंगल फेजिंगची पाच कारणे लिहा’ असं लिहितो. त्यालाही समस्या म्हणत नाहीत, त्याला पेपर म्हणतात. समस्येत एक माणूस असतो, एक वेळ असते आणि काहीतरी नुकसान व्हायच्या बेतात असतं. उदाहरणार्थ :

रात्रीचे साडेअकरा. लाईन आत्ता आली. मामांनी हिरवं बटण दाबलं. मोटर नुसती गुरगुरतेय, उचलत नाही. केळीला पाणी देऊन पाच दिवस झालेत. मोटर न जाळता पाणी काढून द्या.

एवढं फळ्यावर लिहा आणि खडू ठेवून द्या. यात फेज आहे, फ्यूज आहे, स्टार्टर आहे, केबल आहे, पंपात अडकलेला गाळ आहे, मामांची घाई आहे. अभ्यासक्रमाच्या पुस्तकात हे सगळं वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेलं असतं आणि ते एका ठिकाणी आणायचं काम विद्यार्थ्यावर, पास झाल्यानंतर, सोपवलेलं असतं.

अशी समस्या मिळवायची कुठे? फोल्डरमध्ये नाही. एखाद्या वाइंडिंगच्या दुकानात जाऊन दोन तास स्टुलावर बसा. काही विचारू नका, फक्त कोणत्या मोटरी येतात आणि मालक काय सांगतो ते ऐका. मालक नेहमी म्हणतो, ‘काहीच केलं नाही, आपोआप जळाली.’ मग कारागीर मोटर उघडतो आणि मोटर वेगळंच सांगते. तिन्ही फेजची वेटोळी सारखीच काळी पडली असतील तर मोटरवर भार जास्त होता किंवा व्होल्टेज कमी होतं. स्टारमध्ये जोडलेल्या मोटरची दोन फेजची वेटोळी कोळसा आणि तिसऱ्याची तांब्यासारखी लख्ख असतील, तर एक फेज गेलेली असताना ती चालत राहिली. डेल्टामध्ये जोडणी असेल तर उलटं : एक फेज काळी, दोन शाबूत. हा पंचनामा पुस्तकात एका आकृतीत उरकतो. दुकानात तो हातात घेता येतो, त्याला वासही असतो. जळालेली मोटर मागवायला सांगितलं ते यासाठी.

पहिला दिवस

पहिल्या दिवशी अणू काढू नका. इलेक्ट्रॉन काढू नका. ओहमचा नियम अजून काही दिवस थांबू शकतो. तो बराच काळ टिकलेला आहे.

समोर बसलेल्यांना काय येतं ते आधी काढून घ्या. केळीच्या शिवारातला मुलगा विजेच्या बाबतीत कोरा नसतो. तो बापाबरोबर बॅटरी घेऊन रात्री मोटर चालू करायला गेलेला आहे. स्टार्टरचं बटण टिकत नसेल तर त्यात काडी कशी खोचायची हे त्याला ठाऊक आहे. लाईन आली की मोटर आपोआप सुरू करणारं ऑटो त्यानं बसवलेलं आहे, किमान बसवताना टॉर्च धरलेली आहे. कपॅसिटर लावून दोन फेजवर मोटर ओढणारे त्याच्या चुलत्यांत आहेत. किटकॅटमधली तार सारखी उडत असेल तर जाड तार टाकायची, हे तर त्याला आजोबांकडून मिळालेलं ज्ञान आहे.

हे सगळं फळ्यावर घ्या. हसू नका, ‘चूक’ असंही म्हणू नका. मग एकच विचारा : ‘जाड तार टाकल्यावर काय जळत नाही?’ उत्तर येईल, ‘फ्यूज.’ ‘आणि काय जळतं?’ वर्ग गप्प होतो. काही हजारांची मोटर आपण चार आण्याची तार वाचवायला खर्च करत आलो, हा हिशोब त्यांचा त्यांना मांडू द्या. तो तुम्ही मांडलात तर तो तुमचा हिशोब होईल, आणि संध्याकाळी ते पुन्हा जाड तार टाकतील.

करून दाखवणे

आता टेस्टर. मोटर गुरगुरते म्हटल्यावर कुणीही आधी टेस्टर काढतो. तिन्ही फेजवर लावतो, तिन्हीवर लाल दिवा पेटतो. ‘सर, तिन्ही फेज आहेत की. मोटरच खराब हाय.’ मोटर काढली जाते, बैलगाडीत घालून दुकानात नेली जाते, आणि दुकानदार म्हणतो, मोटर चांगली आहे.

काय झालं होतं, ते असं. स्टार्टर दाबलेला असताना एक फेज गेलेली असली तरी उरलेल्या दोन फेजचं व्होल्टेज मोटरच्या वेटोळ्यांतून फिरून त्या मेलेल्या टोकावर येतं. टेस्टर भोळा आहे. त्याला समोरून आलेलं आणि मागून आलेलं यातला फरक कळत नाही. दुसरा प्रकार याहून चकवणारा. डीपीवर, म्हणजे रोहित्रापाशी, ११ केव्हीच्या बाजूचा एक डीओ (ड्रॉप-आउट फ्यूज) पडला, की खालच्या तीन फेजपैकी एकीवर पूर्ण व्होल्टेज राहतं आणि दोघींवर साधारण अर्धं. टेस्टर तिन्हीवर पेटतो. आखाड्यांवरचे बल्ब पाहा : एका फेजवरचा झगझगीत, बाकीच्या दोन फेजवरचे मिणमिणते. आता मीटर जोडीजोडीनं लावा. दोन जोड्यांत तीनशेच्या वर काहीतरी येईल, तिसऱ्या जोडीत जवळपास काहीच नाही. दोन पेटलेल्या फेजच्या मध्ये मीटर शून्य दाखवतो, हे पाहून मुलं तुमच्याकडे बघतात. या ठिकाणी डेल्टा-स्टारची आकृती काढा. आठवडाभर आधी काढली असतीत तर कुणी वहीचं पान उलटलं नसतं.

हा प्रसंग वर्गात मुद्दाम घडवून दाखवायचा, तो सुरक्षित फलकावर, फ्यूज आणि ईएलसीबी बसवून, तुमच्या हातानं. आणि इथे मार्गदर्शिकेनं थट्टा थांबवलेली आहे. प्रत्येक तपासणीआधी मेन बंद, तिन्ही किटकॅट काढून दुरुस्ती करणाऱ्याच्या स्वतःच्या खिशात, दुसऱ्या कुणाकडेही नाहीत. ऑटो असेल तर ते आधी सोडवायचं, कारण लाईन कधी येईल ते त्यालाही ठाऊक नसतं. डीपीवर चढायचं नाही, डीओला काठी लावायची नाही, ते काम महावितरणच्या जनमित्राचं. डीओ पडलाय हे ओळखून फोन करणं, एवढंच आपलं कौशल्य आणि ते कमी नाही. अनेक गावांत डीओ टाकायला धीट पोरं आपणच वर गेली आहेत आणि सगळीच खाली चालत आलेली नाहीत.

विहिरीत ढकलू नये

फोल्डरवाल्यांचा एक पंथ असा आहे, की समस्या द्या आणि बाजूला व्हा, मुलं आपोआप शोधून काढतील. ऐकायला फार लोभस वाटतं, आणि निदेशकाला चहाला जाता येतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं १९६९ पासून डॉक्टर घडवताना समस्येपासून शिकवायला सुरुवात केली तेव्हापासून हा मोह जगभर आहे. कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तिघांनी २००६ साली या कल्पनेवर सरळ टीका केली : नवशिक्याला दिशा न देता सोडलं तर त्याची सगळी बुद्धी चाचपडण्यातच खर्च होते, शिकायला उरत नाही. याला उत्तरं आली, वाद अजून आहे. पण मोटरदुरुस्तीपुरता निकाल लागलेला आहे. चाचपडणारा मुलगा चाचपडतो तो ४१५ व्होल्टवर.

तेव्हा पहिली समस्या तुम्ही पूर्ण सोडवून दाखवायची, मोठ्यानं बोलत : आधी काय पाहिलं, का पाहिलं, काय वगळलं. दुसरी अर्धी सोडवायची, पुढची त्यांनी. तिसऱ्या वेळी फक्त विचारायचं, ‘आता कुठे मीटर लावशील?’ चौथ्या वेळी पाठ करून उभं राहायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड. निदेशकाचे हात शिवशिवतात.

समस्यांचा क्रमही लावून घ्या. आधी दिवसाउजेडी, कोरड्या जमिनीवर, फक्त एक किटकॅट उडालेलं. मग स्टार्टरच्या कॉन्टॅक्टवर कार्बन. मग केबलचा जोड, जो नेमका पाण्याच्या पातळीला खराब होतो. मग पंपात गाळ, म्हणजे वीज सगळी ठीक आणि दोष दुसरीकडेच. शेवटी एकाच मोटरला दोन दोष, आणि मालक सांगतोय तो तिसराच. मालकाचं ऐकून घेणं आणि त्यावर विश्वास न ठेवणं, ही दोन्ही कौशल्यं एकाच वेळी शिकवावी लागतात. अभ्यासक्रमात त्यांना तास नेमलेले नाहीत.

कानस घासणाऱ्यांविषयी

इथे जुने निदेशक विचारतील, मग हाताची सवय कशी होणार? आमच्या आयटीआयमध्ये फिटरचा मुलगा महिनोन्महिने हॅक्सॉ आणि कानस चालवतो, मेल-फिमेल जॉब बसेपर्यंत घासतो, तेव्हा कुठे हात बसतो. बरोबर आहे त्यांचं. समस्येपासून शिकवण्याबद्दल डच संशोधक व्हॅन मेरीएनबोर यांची मांडणी बरीच नीट आहे; त्यातही पूर्ण काम आधी दाखवून, त्यातल्या हातखंडा लागणाऱ्या बारीक क्रिया वेगळ्या घोटवून घ्या असंच सांगितलेलं आहे. केबलला लग दाबणं, जोडाला पाणी न शिरेल अशी टेप गुंडाळणं, मीटरची टोकं एका हातात धरणं, हे पन्नासदा करायलाच हवं. कानस घासण्यात वाईट काही नाही; कशासाठी घासतोय हे वर्षभर न सांगणं वाईट.

हे नवं आहे का?

नाही. पण प्रस्तावात ‘अभिनव’ हा शब्द लिहा, त्याशिवाय तो पुढे सरकत नाही.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळेतच शेती आणि आरोग्याची जुजबी माहिती द्या असं मागितलं होतं. १९३७च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी उत्पादक हस्तव्यवसायाभोवती सगळं शिक्षण उभारायची कल्पना मांडली. ती नई तालीम. आणि अगदी आपल्या विषयाला चिकटून म्हणाल तर पुणे जिल्ह्यातलं पाबळ. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कालबाग १९८३ साली त्या दुष्काळी गावात गेले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. तिथल्या अभ्यासक्रमाचे चार विभाग : शेती-पशुपालन, वर्कशॉप, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य. मुलांनी नमुन्याचे तुकडे करून कपाटात ठेवायचे नाहीत, गावाला लागणारं काम करून द्यायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे. विहिरीला पाणी कुठे लागेल याची भूविद्युत तपासणीसुद्धा तिथल्या मुलांनी गावकऱ्यांसाठी केलेली आहे. मेरिल यांचा लेख त्यानंतर १९ वर्षांनी आला. पैसे घेण्याची अट मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. फुकटच्या दुरुस्तीला शेतकरी बोट लावून बघत नाही. शंभर रुपये दिले की उभा राहून दोन प्रश्न विचारतो.

कागदपत्रं

हा विभाग तुम्ही आधी वाचायला हवा होता.

समस्या शिवारात असते आणि हजेरी वर्गात. दोन्ही एकाच वेळी कशी द्यावी याचं उत्तर मेरिल यांच्याकडे नाही. तपासणीला साहेब आले आणि वर्ग रिकामा दिसला, तर ‘मुलं मोटर दुरुस्तीला गेलीत’ हे उत्तर ‘मुलं पळून गेलीत’ असं नोंदवलं जातं. म्हणून शिवारात जायच्या आधी ‘प्रात्यक्षिक क्षेत्रभेट’ असा शेरा मारून ठेवा. ‘क्षेत्रभेट’ या शब्दाला कुणी हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही. पाठटाचणात प्रकरणांचा क्रम पुस्तकातलाच दाखवा. एका रात्रीच्या गुरगुरणाऱ्या मोटरीत प्रकरण दोन, पाच, सात आणि अकरा उरकलं, हे खरं असलं तरी रकान्यात मावत नाही.

फोटो लागतात. साहेबांना फोटोत फळा, निदेशक आणि मान वर केलेली मुलं हवी असतात. तुमच्या फोटोत मुलांच्या पाठी दिसतील, कारण ती स्टार्टरमध्ये वाकलेली असतील. एकदा सगळ्यांना सरळ उभं करून फोटो काढून घ्या आणि तोच सगळीकडे लावा.

परीक्षा

लेखी परीक्षा घ्यावी लागेल, घ्या. पण खरी परीक्षा अशी : मुलानं दुसऱ्याच्या शिवारातली बंद मोटर, तुमच्या मदतीशिवाय, तपासायची. दोष सापडला की दुरुस्ती करायच्या आधी मालकाला सांगायचा, मालकाच्या भाषेत, आणि मालकाला पटला पाहिजे. ‘मामा, मोटर चांगलीय. वर डीओ पडलाय. आता बटण दाबू नका, लाईनमनला फोन लावतो.’ मामांनी बटणावरचा हात काढला तर मुलगा पास. बापाच्या किटकॅटमधली जाड तार काढून योग्य मापाची टाकली, वर ओव्हरलोड रिले आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवायला बापाला खर्च करायला लावलं, तर विशेष प्रावीण्य. बापाला खर्च करायला लावणं हे या अभ्यासक्रमातलं सर्वोच्च कौशल्य आहे. वर्गात मान डोलावून घरी पुन्हा जाड तार टाकणाऱ्याला लेखीत कितीही गुण पडले असले तरी तो नापास.

वेळापत्रक

वर्ग जानेवारीत, हळद काढणीची घाई सुरू व्हायच्या आत लावा. उन्हाळा तापत जाईल तशी पाण्याची ओढ वाढते, मोटरी जळू लागतात, आणि समस्या दारात चालत येते. जुलैत वर्ग काढलात तर शिवार ओलं असतं, मोटरी बंद असतात. अनुदान मात्र बहुधा मार्चअखेरच हलतं. तेव्हा अर्ज आदल्या पावसाळ्यातच करा, आणि त्याची पोच घ्यायला विसरू नका.